घाटाखालचा पावसाळा आणि कपडे वाळविणारे यंत्र

रोहिणखेड, ता. मोताळा (प्रतिनिधी) : उन्हाळ्यात बुलडाणा जिल्ह्यातील घाटाखालच्या गावांमध्ये कपडे वाळविणे हे काम म्हणून कोणी मोजतच नाही. मे महिन्यात सकाळी दोरीवर टाकलेले धोतर किंवा लुगडे पाहता पाहता कोरडे होऊन हाती येते. जूनच्या मध्यानंतर पाऊस स्थिरावला, की हेच काम घरातील बाईची परीक्षा पाहू लागते. मुलांच्या शाळेचा गणवेश दुसऱ्या दिवशी दमटच अंगावर चढतो. तान्ह्या बाळाची दुपटी आणि लंगोट पुरेनासे होतात. ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत दोऱ्या बांधल्या जातात आणि घरभर कुबट वास भरून राहतो.

अशा वेळी पुण्या-मुंबईत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मुलामुलींच्या घरी पाहिलेले कपडे वाळविणारे यंत्र आपल्याही घरी आणावे काय, असा प्रश्न निघणे स्वाभाविक आहे. हे यंत्र भिंतीला भोक न पाडता, बाहेर नळी न सोडता कपडे कोरडे करते, असे विक्रेते सांगतात. ते खरेही आहे. मात्र पन्नास हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहून अधिक खर्च करण्यापूर्वी हे यंत्र नेमके काय करते, त्याला किती वीज लागते आणि रोहिणखेडसारख्या गावात ते वर्षातून किती दिवस उपयोगी पडेल, हे समजून घेणे आवश्यक आहे.

पाणी जाते कुठे?

कपडा वाळणे म्हणजे त्यातील पाण्याची वाफ होऊन ती हवेत मिसळणे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पाण्याची वाफ होण्यापुरती उष्णता हवी आणि ती वाफ सामावून घेणारी कोरडी हवा हवी. उन्हाळ्यात सूर्य आणि वारा या दोन्ही गोष्टी फुकट पुरवितात. पावसाळ्यात दोन्हींची वानवा असते.

एक साधा हिशेब पाहू. वाळलेल्या स्थितीत पाच किलो भरणारे सुती कपडे धुऊन यंत्राने मिनिटाला हजार फेऱ्यांच्या वेगाने पिळले, तरी त्यांत सुमारे तीन लिटर पाणी शिल्लक राहते. आता दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी खोली घ्या. तीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. पावसाळ्यात तापमान २७ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर ही हवा आणखी जेमतेम पावणेदोनशे मिलिलिटर पाणी वाफेच्या रूपाने सामावून घेऊ शकते. मे महिन्याच्या दुपारी तापमान ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना तीच हवा दीड लिटरहून अधिक पाणी सामावते.

म्हणजे पावसाळ्यात बंद खोलीत तीन लिटर पाण्याचे कपडे वाळवायचे, तर त्या खोलीतील संपूर्ण हवा किमान सतरा वेळा बदलली गेली पाहिजे. खिडक्या लावून घेतल्या तर कपडे वाळत नाहीत. उलट तो ओलावा भिंतींत, गाद्यांत आणि धान्याच्या पोत्यांत शिरतो. भिंतीवर बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. दमट कपडे अंगावर राहिल्याने जांघेत, काखेत नायट्यासारखे त्वचाविकारही बळावतात. मासिक पाळीत कापड वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. संकोचापोटी ते कापड इतर कपड्यांखाली अंधारात टाकले जाते आणि पावसाळ्यात ते पुरते वाळतच नाही. त्यामुळे कपडे नीट कोरडे होणे ही केवळ सोयीची बाब नसून आरोग्याचीही आहे.

‘ड्रायर’ या शब्दाचा घोळ

आपल्याकडे दोन टाक्यांच्या अर्धस्वयंचलित धुलाईयंत्रातील दुसऱ्या टाकीला सर्रास ‘ड्रायर’ म्हटले जाते. प्रत्यक्षात ती टाकी कपडे वाळवीत नाही, केवळ पिळते. वेगाने फिरणाऱ्या पिंपातून पाणी छिद्रांवाटे बाहेर फेकले जाते एवढेच. तीत उष्णता नसते. त्यामुळे ‘आमच्याकडे ड्रायर आहे, तरी कपडे ओलेच निघतात’ ही तक्रार यंत्राची नसून नावाची आहे.

तरीही या पिळण्याचे महत्त्व कमी लेखू नये. मिनिटाला ८०० फेऱ्यांना पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणी राहते. हजार फेऱ्यांना ते ६० टक्क्यांवर आणि १४०० फेऱ्यांना ५० टक्क्यांच्या आसपास येते. पिळून पाणी काढायला अत्यल्प वीज लागते, तर तेच पाणी वाफ करून काढायला भरपूर. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे दोन तृतीयांश युनिट इतकी उष्णता लागते. तिच्यातून कोणत्याही यंत्राची सुटका नाही. म्हणूनच वाळविण्याच्या खर्चातील पहिली बचत ही चांगले पिळण्यात आहे.

यंत्रांचे प्रकार

खऱ्या अर्थाने कपडे वाळविणाऱ्या यंत्रांचे मुख्यतः चार प्रकार आढळतात.

पहिला प्रकार नळीचा. हे यंत्र खोलीतील हवा घेते, हीटरने तापविते, फिरत्या पिंपातील कपड्यांतून खेळविते आणि दमट झालेली गरम हवा जाड नळीवाटे घराबाहेर सोडते. नळी बाहेर काढली नाही, तर सारी वाफ खोलीतच साचते. शहरातील सदनिकांत अशी नळी काढण्यास जागा नसते, म्हणून बिननळीच्या यंत्रांना तेथे मागणी असते. गावातील बैठ्या घरात मात्र परसाकडच्या भिंतीतून किंवा खिडकीतून नळी काढणे अवघड नसते. त्यामुळे ‘बिननळीचे’ हा गुण येथे शहराइतका मोलाचा नाही, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रकार कंडेन्सरचा. यातही हीटर असतो. परंतु दमट गरम हवा बाहेर न सोडता ती यंत्रातच थंड केली जाते. थंड हवेतून वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ते एका डब्यात जमा होते किंवा नळीने मोरीत सोडले जाते. थंड करण्यासाठी खोलीतील हवा वापरली जात असल्याने सारी उष्णता अखेर खोलीत येते आणि खोली चांगलीच तापते.

तिसरा प्रकार हीट पंपाचा. यातील तत्त्व फ्रीजचेच आहे. फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंपाच्या यंत्रात थंड जाळी आणि गरम जाळी एकाच हवेच्या वाटेवर असतात. गरम जाळीवर तापलेली हवा कपड्यांतील पाणी घेते, थंड जाळीवर ते पाणी सोडते आणि तीच हवा पुन्हा गरम जाळीकडे जाते. वाफेचे पाणी होताना जी उष्णता मोकळी होते ती वाया न जाता पुन्हा वापरली जाते. त्यामुळे विजेचा खर्च निम्म्याहून कमी होतो. हवेचे तापमानही हीटरच्या यंत्रापेक्षा कमी असते, म्हणून कपड्यांची झीज कमी होते. मात्र वेळ अधिक, बहुधा अडीच ते तीन तास, लागतो.

चौथा प्रकार धुणे आणि वाळविणे एकाच पिंपात करणाऱ्या संयुक्त यंत्राचा. जागा वाचते, हा त्याचा मोठा फायदा. परंतु आठ किलो कपडे धुणारे यंत्र एका वेळी साधारण पाच किलोच वाळवू शकते. उरलेले कपडे बाहेर काढून ठेवावे लागतात. याखेरीज अशी अनेक यंत्रे वाफ थंड करण्यासाठी नळाचे पाणी वापरतात. कपडे वाळविण्यासाठी दर खेपेस काही बादल्या पाणी मोरीत जाणे पाणीटंचाईच्या जिल्ह्यात परवडणारे नाही. खरेदीपूर्वी ‘वाळविताना पाणी लागते काय’ हा प्रश्न विक्रेत्याला आवर्जून विचारावा.

युरोपात हीट पंपाचा प्रकार आता नियमच झाला आहे. स्वित्झर्लंडने २०१२ पासून केवळ अशाच कमी वीज घेणाऱ्या यंत्रांच्या विक्रीस मुभा दिली. युरोपीय संघाचे १ जुलै २०२५ पासून लागू झालेले निकषही प्रत्यक्षात हीट पंपाची यंत्रेच पूर्ण करू शकतात. तेथे हिवाळा दीर्घ, ऊन तुटपुंजे आणि यंत्राचा वापर वर्षभर असतो. आपल्याकडचा हिशेब वेगळा आहे.

खर्चाचा हिशेब

पाच किलो कपड्यांच्या एका खेपेस हीटरच्या यंत्राला सुमारे तीन युनिट, तर हीट पंपाच्या यंत्राला सव्वा ते दीड युनिट वीज लागते, असे ढोबळमानाने धरता येईल. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला १० रुपये दर मानू. म्हणजे एका खेपेस अनुक्रमे ३० आणि सुमारे १४ रुपये पडतात.

रोहिणखेडच्या घरात यंत्र प्रामुख्याने पावसाळ्याचे साडेतीन महिने, एक दिवसाआड चालेल. अशा सुमारे ५२ खेपा होतात. हीटरच्या यंत्राचा वर्षाचा वीजखर्च १५६० रुपये, तर हीट पंपाचा सुमारे ७३० रुपये येतो. बचत ८३० रुपयांची. हीट पंपाचे यंत्र हीटरच्या यंत्रापेक्षा वीस हजार रुपयांनी महाग आहे असे धरले, तर केवळ वीजबचतीतून ती रक्कम भरून निघण्यास सुमारे २४ वर्षे लागतील. तेवढे यंत्राचे आयुष्यही क्वचितच असते.

हेच यंत्र मुंबईतील सदनिकेत, जेथे दोरी बांधण्यास गॅलरी नाही, वर्षभर रोज चालले तर वर्षाला ५८०हून अधिक युनिट वाचतात आणि साडेतीन वर्षांत किमतीतील फरक वसूल होतो. कोकणातही, जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवा बाराही महिने दमट असते, त्याचे गणित बरे जमते. म्हणून शहरातील नातेवाइकांच्या घरी जे यंत्र किफायतशीर ठरले, ते गावीही ठरेलच असे नाही. यंत्र तेच असते. फरक असतो तो उन्हाच्या दिवसांचा.

येथे आणखी एक बाब विसरू नये. घरगुती वीजदर टप्प्यांचा असतो. महिन्याला शंभर युनिटच्या आत राहणाऱ्या कुटुंबाला स्वस्त दर मिळतो. यंत्रामुळे वापर शंभरापलीकडे गेला, तर वरच्या युनिटचा दर बराच चढा लागतो. आपल्या घरचे जुलै-ऑगस्टचे जुने बिल काढून पाहावे आणि त्यात हीट पंपाची सुमारे २१ किंवा हीटरची ४५ युनिट दरमहा मिळवून मगच निर्णय घ्यावा.

वीज आणि वायरिंग

गावातील घरात हीट पंपाचा खरा फायदा बिलात नसून भारात आहे. हीटरचे यंत्र एका वेळी दोन हजार वॉट किंवा त्याहून अधिक वीज ओढते. हीट पंपाचे यंत्र बहुधा हजार वॉटच्या आत राहते. जुन्या वायरिंगच्या घरात हा फरक मोठा आहे.

कमी दाबाच्या विजेचा परिणाम दोन्ही यंत्रांवर होतो, मात्र वेगवेगळ्या रीतीने. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर हीटरची उष्णता सुमारे ६१ टक्क्यांवर येते. कपडे वाळण्यास वेळ लागतो, पण यंत्र बिघडत नाही. हीट पंपात फ्रीजसारखा कॉम्प्रेसर असतो आणि कमी दाबाने तो जळण्याची भीती असते. त्यामुळे दाब सतत वर-खाली होत असेल तेथे योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर लावणे इष्ट.

दोन्हींसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, चांगले अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आवश्यक आहे. एक्स्टेन्शन बोर्डवर हे यंत्र चालवू नये. घरातील इन्व्हर्टरवर ते चालेल अशी अपेक्षाही करू नये. १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज मावते आणि ती एका खेपेतच संपते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून ज्यांच्या छपरावर सौरसंच बसला आहे, त्यांना दुपारी यंत्र चालविणे सोयीचे पडेल. मात्र बॅटरी नसलेले असे संच वीज गेल्यावर आपोआप बंद होतात, हे लक्षात असू द्यावे.

घरी आणल्यानंतर

हीट पंपाचे यंत्र टेम्पोतून आणताना उभेच ठेवावे आणि घरी आल्यावर फ्रीजप्रमाणे काही तास स्थिर राहू द्यावे. लगेच सुरू करू नये. ते अडगळीच्या बंद खोलीत ठेवू नये. भोवती हवा खेळती हवी. यंत्र चालू असताना खोली थोडी तापते, हे गृहीत धरावे.

दर खेपेनंतर धाग्यांची गाळणी साफ करणे हा सर्वांत महत्त्वाचा नियम. सुती कपड्यांतून निघणारा पिंजलेला कापूस गाळणीत साचला, की हवा अडते, वेळ आणि वीज वाढते आणि आगीचा धोका निर्माण होतो. पाण्याचा डबा प्रत्येक खेपेस रिकामा करावा. ते पाणी फरशी पुसण्यास किंवा शौचालयात वापरता येते, पिण्यास नव्हे. आतील जाळीची सफाई माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे महिन्यातून एकदा करावी.

रेशमी साड्या, पैठणी, जरीचे काठ, लोकरीचे कपडे आणि घोंगडी यात घालू नयेत. नवे सुती कपडे आटतात, म्हणून अंगात घट्ट बसणारे कपडे दोरीवरच वाळवावेत. गोधड्यांसाठीही हे यंत्र घेऊ नये. त्या उन्हाळ्यातच धुणे शहाणपणाचे. तेल, डिझेल किंवा रॉकेल लागलेली फडकी यंत्रात घातल्यास पेट घेऊ शकतात.

शेतकरी कुटुंबांसाठी सर्वांत गंभीर सूचना फवारणीच्या कपड्यांबाबत आहे. कपाशी आणि सोयाबीनवरील फवारणीचे दिवस आणि यंत्राच्या वापराचे दिवस नेमके एकच असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजुरांचा बळी गेला होता. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे ठेवावेत, वेगळे धुवावेत आणि उघड्या हवेतच वाळवावेत. ते या यंत्रात कदापि घालू नयेत. गरम बंद पिंपात ज्या जागी ते कपडे फिरतील, तेथेच पुढच्या खेपेस बाळाची दुपटी फिरणार आहेत.

यंत्र नसेल तर

ज्यांना यंत्र घेणे शक्य वा आवश्यक नाही, त्यांनाही पावसाळा सुसह्य करता येतो. कपडे दुसऱ्यांदा पिळावेत. दोन दोऱ्यांमध्ये किमान वीतभर अंतर ठेवावे. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून पंखा लावावा. ७५ वॉटचा पंखा आठ तास चालला, तरी ०.६ युनिटच वीज जाते. पत्र्याच्या छपराखालील, दोन्ही बाजूंनी मोकळी पडवी ही या कामासाठी घरातील सर्वांत उत्तम जागा. शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर बाळाचे कपडे वाळविण्याची जुनी पद्धत मात्र धूर आणि आग या दोन्ही कारणांनी टाळावी.

दोरी नायलॉनची किंवा सुताची असावी, लोखंडी तारेची कधीही नसावी. पावसाळ्यात ओल्या भिंतीतून, उघड्या वायरमधून किंवा पत्र्यातून तारेत वीज उतरते आणि कपडे वाळत घालणाऱ्याचा बळी जातो. एकाला वाचवायला गेलेला दुसराही त्यात सापडतो. कपड्यांची तार विजेच्या खांबाला वा त्याच्या ताणाला बांधू नये, असे आवाहन महावितरण पावसाळ्याच्या तोंडावर करीत असते. या एका बदलाला काही रुपयांची दोरी पुरते आणि कोणत्याही यंत्राआधी तो करणे अगत्याचे आहे.

कोणी घ्यावे?

घरात तान्हे बाळ आहे, अंथरुणाला खिळलेली वृद्ध व्यक्ती आहे किंवा स्वतंत्र पडवी नसलेले दाटीवाटीचे घर आहे, अशा कुटुंबांसाठी हे यंत्र चैन नसून उपयुक्त साधन ठरू शकते. सकाळी शेतात आणि संध्याकाळी चुलीपाशी असणाऱ्या स्त्रीचा दोऱ्या बदलण्यात आणि कपडे उलटसुलट करण्यात जाणारा वेळही हिशेबात धरला पाहिजे. तो विजेच्या बिलात दिसत नाही, म्हणून फुकट असतो असे नाही. वायरिंग जुनी असेल आणि स्टॅबिलायझरची तयारी असेल, तर हीट पंपाचे यंत्र घ्यावे. परसात नळी काढणे शक्य असेल, वायरिंग दणकट असेल आणि वापर पावसाळ्यापुरताच असेल, तर नळीचे स्वस्त यंत्रही पुरेसे आहे.

इतरांनी आधी चांगले पिळणारे धुलाईयंत्र घ्यावे आणि पडवी दुरुस्त करून घ्यावी. वर्षातील आठ महिने बंद राहणारे महाग यंत्र घरोघरी घेण्यापेक्षा गावातील एखाद्या बचत गटाने किंवा इस्त्रीच्या दुकानदाराने ते घेऊन खेपेप्रमाणे पैसे आकारणे हा अधिक व्यवहार्य मार्ग ठरू शकेल. एका घराला परवडत नाही ते चाळीस घरांना मिळून सहज परवडते. जूनपूर्वी निर्णय झाला, तर येणाऱ्या पावसाळ्यात त्याची प्रचीती घेता येईल.